सोलरची तिसरी प्लेट

फाट् करून आवाज झाला तेव्हा मी माहेरच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होते. अर्धा चहा अंगावर सांडला, अर्धा चुलीपुढं. पहिल्यांदा वाटलं गॅस फुटला. मग वाटलं, बाहेर कोणी संत्र्याच्या बागेत माकडं हाकलायला सुतळी बॉम्ब लावला. तेवढ्यात वास आला. प्लॅस्टिक जळाल्याचा, तांबं तापल्याचा. हा वास मी झोपेतही ओळखते. अमरावतीच्या राजापेठेत आमचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी भांडायचं काम माझं आणि गच्चीवर चढायचं काम आमच्या ह्यांचं, अशी आमची वाटणी. त्यामुळे जळकी डबडी पाहण्यात माझी अर्धी जिंदगी गेली आहे. पण ती लोकांच्या घरची. माझ्या मायच्या उशाशी असा वास येईल हे स्वप्नातही नव्हतं.

मी पळत ओसरीत गेले. भिंतीवर सोलरचा डब्बा होता, म्हणजे चार्ज कंट्रोलर. प्लेटांची वीज आधी त्याच्यात येते आणि मग तो ती मोजूनमापून बॅटऱ्यांना देतो. त्याच्या फटींतून काळा धूर निघत होता आणि आत पिवळा जाळ लपलपत होता. माझा मोठा भाऊ, दादा, डब्यासमोर उभा होता. बाजारात व्यापाऱ्यांना घाम फोडणारा सहा फुटी गडी, पण चेहरा पांढराफटक. घाबरून त्यानं बॅटऱ्यांवरचा मोठा खटका खाली पाडला. ते एक मात्र त्यानं बरोबर केलं. पण त्या खटक्याबरोबर इन्व्हर्टर बंद झाला आणि इन्व्हर्टरबरोबर आतल्या खोलीतलं मायचं मशीन. लाईन तर पहाटेपासून गेलेली होतीच.

मशीन म्हणजे ऑक्सिजनचं. आयुष्यभर चुलीचा धूर खाऊन मायच्या फुफ्फुसांची चाळण झाली होती. दिवसाचे बहुतेक तास नाकाला नळी हवी, नाही तर जीवाचं खरं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मशीन दादानं घेतलं. पण आमच्या शेंदूरजनाघाटच्या त्या शेतातल्या घरात लाईनीचा भरवसा कोण देणार? कधी अर्धा दिवस नाही, कधी पूर्ण दिवस नाही. म्हणून दोन प्लेटा, डब्बा, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर हे सगळं मी दुकानातून आणून बसवून दिलं होतं. एक छोटं सिलिंडर अडीअडचणीला होतं, ते नेमकं भरायला वरूडला गेलेलं.

आतून मशीन टीं टीं करून ओरडायला लागलं. वीज गेली की ते असं बोंबलतं. मी दारातून पाहिलं तर माय खाटेवर उठून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, तोंड उघडं. ओठ जांभळे होत चालले होते. मायला आवाज देऊ, की डब्बा विझवू, की दादाला धरून हलवू, काही सुचेना.

तेवढ्यात वैनी कळशीभर पाणी घेऊन धावत आली. मी अशी किंचाळले की ती जागीच थिजली. बिजलीच्या जाळावर पाणी! कळशी हिसकून मी बाजूला ठेवली आणि म्हटलं, घरात असतील नसतील तेवढ्या गोधड्या घे आणि गच्चीवर चल. तिला वाटलं असेल माझं डोकं फिरलं. पण सोलरची गोष्ट अशी असते की लाईन गेली तरी सूर्य जात नाही. जोवर प्लेटांवर ऊन आहे तोवर त्या वीज ढकलत राहतात. प्लेटांचा खटका डब्याला लागूनच होता आणि जाळ नेमका तिथंच. तिथं हात घालायची सोय नव्हती. मग वीज बंद करायचा एकच उपाय, सूर्यालाच झाकायचं.

आम्ही दोघी जिना चढून वर गेलो. सकाळचं कोवळं ऊन, सातपुड्याकडून बोचरं वारं, बागांवर अजून धुकं. आणि समोर प्लेटा.

तीन.

मी पुन्हा मोजल्या. दोन माझ्या, स्टँडवर नीट तिरप्या. आणि तिसरी त्यांच्या शेजारी, विटांवर टेकवलेली, जुनाट, एका कोपऱ्याला लाल माती लागलेली. आदल्या दिवशी मी दिवेलागणीनंतर अमरावतीहून आले होते, तेव्हा गच्चीकडे पाहायचं कारणच नव्हतं. मी खाली वाकून वायर पाहिली. तिसरी प्लेट सरळ ओळीत घुसवली होती, आगगाडीला डब्बा जोडावा तशी. पायाखालची गच्ची सरकली म्हणतात ना, तसं झालं. पण उभं राहायला वेळ नव्हता. तिन्ही प्लेटांवर गोधड्या टाकल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर विटा ठेवल्या आणि खाली पळाले. धूर कमी झाला होता. दादानं अंगणातली माती मूठमूठ टाकून जाळ विझवला होता.

पक्कडीनं मी जळक्या डब्याच्या वायरी एक एक करून सोडवल्या आणि टोकांना टेप गुंडाळला. बॅटऱ्यांना हात लावून पाहिला, गरम नव्हत्या. मग जीव मुठीत धरून मोठा खटका वर केला. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला. आतलं टीं टीं थांबलं आणि मशीन घरघरायला लागलं. मी मायच्या नाकाला नळी लावली, बोटाला रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दाखवणारा चिमटा लावला आणि खाटेच्या पायाशी मटकन बसले. आकडा हळूहळू चढत गेला. मायनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोलण्याइतका दम तिला अजून आला नव्हता, आणि मलाही.

अर्ध्याएक तासानं मी ओसरीत आले आणि दादावर तुटून पडले. डोक्यात राख घातली म्हणतात ती मी त्या सकाळी घातली. मोठा भाऊ, बापाच्या जागी, सगळं विसरले. बयताड म्हटलं, अक्कल गहाण टाकली का म्हटलं, आणखी जे जे तोंडात आलं ते म्हटलं. हा डब्बा बसवताना मी त्याला स्वतः समोर बसवून समजावलं होतं. या डब्याची शंभर व्होल्टची हद्द आहे. एका प्लेटेचे सेहेचाळीस. एकामागे एक जोडल्या की व्होल्टेजची बेरीज होते, म्हणजे दोनचे ब्याण्णव. कडाक्याच्या थंडीत प्लेट आणखी जोर करते, तरी दोन प्लेटा शंभराच्या आत राहतात. लोकांना वाटतं उन्हाळ्यात सोलरचा जोर जास्त. व्होल्टेजचं उलटं असतं. थंडगार प्लेटेवर पहिलं स्वच्छ ऊन पडतं तेव्हा ती सगळ्यात वर उसळते. म्हणून तर मी हिशोबानं दोनच ठेवल्या होत्या आणि डब्यावर मार्करनं ठळक लिहिलंही होतं, दोनच. तिसरी घातली की बेरीज जाते एकशे अडतीसवर. आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर जोडली म्हणून रात्र निघाली. ऊन आलं आणि डब्बा फुटला. आगगाडी थांबवता येते, सूर्याला कोण थांबवणार?

दादा खाली मान घालून ऐकत होता. हेच मला सहन होत नव्हतं. हा माणूस कोणाचं एक अक्षर ऐकून घेत नाही, आणि आज गप्प. शेवटी तो एवढंच म्हणाला, "पंपाले नऊ प्लेटा एका ओळीत चालतेत. मले वाटलं, याले तीन तं चालन."

पंपाचं गणितच वेगळं असतं. पंपाचा डब्बा मुळातच मोठ्या व्होल्टेजसाठी बनलेला. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत ज्याच्या त्याच्या शेतात सोलरचा पंप आला आणि लोकांना सवयच लागली. लांबच लांब ओळ म्हणजे जास्त पाणी. दादाच्या शेतातही नऊ प्लेटांची तशी ओळ होती. पण या वर्षी बोअर आटला आणि ती ओळ नुसती ऊन खात उभी राहिली. तिथलीच एक प्लेट त्यानं उचलून आणली होती, हे मला लाल मातीवरूनच कळलं होतं. पण कशासाठी?

मी विचारलं, दोन पुरत नव्हत्या का? मशीन बंद पडत होतं का? मला फोन का नाही केला? मी सकाळच्या पहिल्या गाडीनं आले नसते का? दादा उठून बाहेर गेला आणि अंगणातल्या दगडावर जाऊन बसला.

बोलली ती वैनी. ती मुळात कमी बोलणारी. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून मायच्या शब्दाबाहेर नाही, मायला आत्याबाई म्हणते. भांडी घासता घासता, माझ्याकडं न पाहता तिनं सांगितलं.

"आत्याबाई मशीन लावतच नाईत, बाई. लाईन असली का लावतेत. लाईन गेली आन् तुमच्या बॅटरीवर आलं का नळी काढून ठेवतेत. तुमी आल्या म्हंजे तेवढी लावून ठेवतेत."

मला पहिल्यांदा नीट समजलंच नाही. मी म्हटलं, का? बॅटरी संपेल म्हणून? वैनीनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "लेकीचं हाये म्हून."

भांड्यांवर नळाचं पाणी पडत होतं आणि मला दुसरा कसलाच आवाज ऐकू येत नव्हता.

ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. मायचं माहेर हिवरखेड. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लेकीला भेटायला इतक्या लांबून एसटीनं यायचे तेव्हा पिशवीत दशम्या आणि बाटलीत घरचं पाणी घेऊन यायचे. दिवसभर आमच्या ओसरीत बसायचे, आम्हाला मांडीवर घ्यायचे, पण आमच्या माठातला घोट घ्यायचे नाहीत. लेकीच्या घरचं पाणी बापाला चालत नाही. आम्ही पोरं हसायचो त्यांना. माय मात्र हसायची नाही. पुढं माझं लग्न झालं आणि माय दवाखान्यासाठी आमच्याकडे राजापेठेत राहायला आली, तर ती दोन पायल्या कणीक आणि डाळीचं गाठोडं घेऊन आली. मी चिडले तेव्हा म्हणाली, तुमच्या शहरातल्या पिठाची पोळी मले पचत नाही. मी तेही खरं मानलं. म्हातारं माणूस, असेल पचत नसेल.

पण हवा? नाकानं घ्यायची हवा लेकीची कशी असते? मायला मी साडी आणली असती आणि तिनं पेटीत ठेवून दिली असती तर मी समजू शकले असते. मिठाई आणली असती आणि तिनं ती शेजारी वाटली असती तर त्याचंही हसू आलं असतं. इथं तिचा जीव होता. माझ्या डोळ्यांसमोर ती येत राहिली, दुपारी लाईन गेल्यावर एकटी खाटेवर, ओठ जांभळे, नळी काढून उशाशी ठेवलेली. आणि भिंतीशी माझ्या बॅटऱ्या भरलेल्या, तुडुंब. फोनवर मी रोज विचारायची, मशीन बरोबर चालतं ना? माय म्हणायची, हो बाप्पा, एक नंबर.

मी अंगणात दादाजवळ गेले. आता भांडायचा जोर माझ्यात उरला नव्हता. तो जमिनीकडं पाहत सगळं बोलला. त्यानं मायला कितीदा समजावलं, रागावला, एकदा तर जेवला नाही. काही उपयोग झाला नाही. मला फोन करायला मायनं मनाई केली होती. पोरीला वाईट वाटेल, आपण दिलेलं चालत नाही म्हणून रडत बसेल, तिला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. मग त्याला उपाय सुचला. त्याच्या पंपाची एक प्लेट वर नेऊन ओळीत जोडायची आणि मायला म्हणायचं, आता यात माझीही वीज आहे. लेकाचं खायला तर कोणतीच रीत आड येत नाही. मायनं बराच विचार केला आणि ती हो म्हणाली. मी यायच्या आधी सगळं उरकायचं म्हणून त्यानं दिवेलागणीला ती प्लेट जोडली. मायला मशीनवर झोपलेली पाहून रात्री त्याला किती दिवसांनी झोप लागली.

मघाशी ज्याला मी बयताड म्हटलं तो माझ्याशेजारी बसून, पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, मी बोलते मायशी. मी बोलले की ऐकते ती.

आत गेले तर माय उशीला टेकून बसली होती. नळी काढून मांडीवर ठेवली होती. मशीन नुसतंच घरघरत होतं.

मी खाटेवर बसले. वैनीनं सगळं सांगितलं आहे हे तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं. मी रागावले नाही. म्हटलं, माय, काळ बदलला. आता लेकी आईबापांना सांभाळतात, घरी ठेवून घेतात, कोणाला पाप लागत नाही. ती शांतपणे ऐकत होती. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द, असं करून ती बोलली.

"तुह्या बापानं कन्यादान केलं बाई. देल्लं ते देल्लं. आता तुह्या घरचं घेतलं का त्याईचं पुण्य जाते. त्याईनं जन्मभर काय कमावलं? तेवढंच तं."

बाप जाऊन किती वर्षं झाली. मी त्यांची लाडकी. माझं लग्न त्यांनी हौसेनं केलं, तेव्हा गावात चार दिवस त्याचीच चर्चा होती. त्या लग्नाचं पुण्य माय आजवर अशी पदराखाली जपत होती आणि त्यासाठी स्वतःचा श्वास रोखून बसत होती. मला भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी म्हटलं, बाबा असते तर त्यांनी तुला असं मरू दिलं असतं का? ती म्हणाली, मी कुठी मरून राहिली.

मग मी तिला आजच्या सकाळचं समजावायला लागले. म्हटलं, दादानं त्याची प्लेट जोडली होती ना, तू हो म्हणालीस ना, मग आता नळी का काढलीस? आता तर त्याचीही वीज आहे.

माय माझ्याकडं अशी पाहत राहिली जणू मी अजून लहान आहे आणि मला उघड गोष्ट दिसत नाही.

"पाय ना, काय झालं ते. लेकाचं आन् लेकीचं मिसळलं आन् जळलं. देवानंच दाखवलं."

दुकानात मी किती लोकांना हे गणित समजावलं आहे. दोन प्लेटा ब्याण्णव, तीन एकशे अडतीस, डब्याची हद्द शंभर. पहिली फेल पोरंही समजतात. मी तिलाही समजावलं. कागदावर लिहून नाही, बोटांवर, वाट्या मांडून. ही एक वाटी, ही दुसरी, हे भांडं एवढंच, तिसरी ओतली की उतू जाणारच. यात देव कुठं आला? माय ऐकत होती, मानही हलवत होती. शेवटी म्हणाली, असन. आणि नळी उचलून मशीनवर ठेवली. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा पुन्हा खाली सरकत होता. मी तिच्या हातापाया पडले. जबरदस्तीनं नळी लावली तर तिनं काढून टाकली, हळूच, मला लागू नये अशी. तिच्या श्वासाचा घर्र घर्र आवाज येत होता आणि मी तिथं बसून तो ऐकत होते. माझी माय माझ्यासमोर माझ्यापासून दूर होत चालली होती आणि कारण काय, तर ती बॅटरी माझी होती.

व्होल्टेजचं भांडण असतं तर मी जिंकले असते. हे वेगळंच होतं. तिला काही समजत नव्हतं असंही नव्हतं. तिला सगळं समजत होतं, फक्त तिच्या डब्याची हद्द निराळी होती आणि ती वाढवणं माझ्या हातात नव्हतं.

मी उठले आणि आमच्या ह्यांना फोन केला. म्हटलं, नवा डब्बा घेऊन ताबडतोब या, दुकान बंद करा, आणि टेम्पो घेऊन या. टेम्पो कशाला, म्हणाले. मी म्हटलं, प्लेटा न्यायच्या आहेत. ते गोंधळले असतील, पण माझा आवाज ऐकून पुढं काही विचारलं नाही. मग अंगणात जाऊन दादाला म्हटलं, ऊठ, तुझ्या शेतातली आणखी एक प्लेट काढून आणायची आहे.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्याला लगेच कळलं. म्हणाला, तुह्या काढतं? मी म्हटलं, हो. आणि भराभर पुढं चालायला लागले.

सोलर पंपाच्या ओळीतून आम्ही एक चांगली प्लेट सोडवली. खुरप्यानं पायथ्याची माती काढली, बैलगाडीवर घातली, खाली गवताचा पेंढा टाकला. वाटेत दादा एकच बोलला. म्हणाला, तू मघाशी मले बयताड म्हटलं ते बरोबर म्हटलं. मी म्हटलं, गप राहा.

गच्चीवर गोधड्यांखालीच आम्ही काम केलं. माझ्या दोन प्लेटा सोडवल्या. त्या बसवल्या त्या दिवशी माय अंगणात खुर्ची टाकून बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माह्या पोरीनं देल्ल्या. मला तेव्हा किती अभिमान वाटला होता. त्यांच्या जागी दादाच्या दोन लावल्या. एकेकीवरची गोधडी जरा वेळ बाजूला करून मीटर लावला. एक चव्वेचाळीस, दुसरी तेवढीच. जुन्या, जोर उतरलेल्या प्लेटा, पण दोघी मिळून अठ्ठ्याऐंशी. शंभराच्या आत, थंडीची उडी धरूनही आत. त्यांची वायर मी दोनदा तपासली.

दुपार कलली तेव्हा आमचे हे टेम्पो घेऊन आले. जळका डब्बा काढून नवा बसवला. आधी बॅटरी जोडली, मग प्लेटा, मग गोधड्या काढल्या. डब्यावर आकडा आला आणि ठरल्या जागी थांबला. माझ्या दोन प्लेटा त्यांनी आणि दादानं मिळून टेम्पोत चढवल्या. माय खिडकीतून पाहत होती. मी मुद्दाम खिडकीतून दिसेल अशाच जागी टेम्पो लावायला सांगितला होता.

मी आत गेले. दादा माझ्या मागं होता. वैनी दारात उभी राहिली. मायला जास्त धाप लागली होती. सकाळी नळी काढल्यापासून ती लाईन येईल तेवढाच वेळ मशीनवर होती आणि लाईन पुन्हा गेलेली होती. मी खाटेशी बसले आणि म्हटलं, माय, माझ्या प्लेटा काढल्या. पाहिल्या ना, गाडीत आहेत. आता वर दोन आहेत त्या दादाच्या शेतातल्या.

तिनं मान हलवली. पण नळीला हात लावला नाही. ओसरीच्या दाराकडं पाहत राहिली. भिंतीवरचा नवा डब्बा तिथून दिसत होता, खाली बॅटऱ्याही.

"डब्बा?"

मी दादाकडं पाहिलं. तो तोंड उघडायला गेला आणि त्याला बोलता येईना. मायशी खोटं त्यानं उभ्या जन्मात कधी बोललेलं नाही.

"दादाचा," मी म्हटलं.

"आन् बॅटऱ्या?"

"त्याबी दादाच्या. सगळं दादाचं हाये, माय. माह्यं अठी काईच नाई."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग नळी उचलून नाकाला लावली.